खरी नम्रता



"आम्ही चूल सांभाळणाऱ्या, आमच्या हातून काय होणार?" असे आपण नम्रपणे म्हणतो. पण ही नम्रता खरी, की काम टाळण्याची सोय, याचा विचार आज वर्धापनदिनी करू या.

पंडिता रमाबाईंना १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. १८८३ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८९६-९७ च्या दुष्काळात निराधार मुलींना त्यांनी केडगावला आणून आसरा दिला. पुढे त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. कशासाठी? तर साध्या बायकांना समजेल अशा सोप्या मराठीत बायबल आणण्यासाठी. १९२२ साली मृत्यू येईपर्यंत त्या याच कामात होत्या. विद्या त्यांनी मिरवली नाही, वाटली.

प्रभू येशूने शिष्यांचे पाय धुतले, ते स्वतःला क्षुद्र मानून नव्हे. तो त्यांचा गुरूच होता. आपल्याजवळ जे आहे ते दुसऱ्याच्या कामी लावणे, ही नम्रता. फळ देव देईल हा भरवसा, ही श्रद्धा. मिरचीचे रोप लावून पाणी घातल्यावर आपण वाणगावच्या बायका रोज मुळे उकरून पाहत नाही.

आपल्यापैकी काही भगिनी अजून अंगठा उठवतात. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण नाव लिहायला शिकवण्यास तेवढे पुरे. दर बुधवारी दुपारी मी मंडळात पाटी घेऊन बसेन. शिकायला या, आणि येत असेल तर शिकवायलाही या.