वही जाळून भागले नाही, आता वही वाचू या

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या विषयपत्रिकेवर भावाचा प्रश्न आहे, पाण्याचा आहे, विजेच्या बिलाचा आहे. त्यांच्या शेजारी 'हिशेबाचा अभ्यास' हा विषय पाहून सकाळी काही जण हसले. रस्ता अडवणाऱ्यांनी कीर्द-खतावणी कशाला शिकायची, असे एका भावाने विचारलेही. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर द्यायलाच आम्ही उभे आहोत.

आधी कबुली देतो. आम्ही शेतीशास्त्राची पदवी घेतलेली माणसे. हायब्रीडला एकरी किती नत्र द्यायचे, हे झोपेतून उठवून विचारले तरी सांगू. पण गावच्या विकास सोसायटीच्या वार्षिक सभेत अहवाल हातात पडला, की आम्हीही पाने उलटून चहाची वाट पाहत बसायचो. सचिव आकडे वाचणार, पुढच्या रांगेतून 'मंजूर, मंजूर' असा आवाज येणार आणि सभा संपणार. बाहेर आल्यावर पारावर बसून 'सोसायटी खाल्ली' म्हणून बोंब मारायची. कोणी खाल्ली, किती खाल्ली, कोणत्या पानावर खाल्ली, हे कोणालाच सांगता येत नव्हते. चाळिशी उलटल्यावर त्याची लाज वाटली. मग आमच्यातल्या चौघांनी ठरवले, की सहकार खात्याच्या सहकार व लेखा पदविकेला, म्हणजे लोक जिला जी.डी.सी.ए. म्हणतात त्या परीक्षेला बसायचे.

हा आपला रोग आजचा नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यात सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची घरे-दुकाने फोडली. राग होता तो कर्जरोख्यांवर आणि वह्यांवर. हाती लागले ते कागद त्यांनी जाळले. वहीत काय लिहिले आहे हे वाचता येत नव्हते, म्हणून ती जाळणे एवढेच त्यांच्या हातात होते. पुढे १८७९ साली सरकारने दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. पुणे, नगर, सोलापूर आणि सातारा या चार जिल्ह्यांना तो लागू झाला. तासगाव, वाळवा हे आजच्या सांगलीतले तालुके तेव्हा साताऱ्यातच होते. त्या कायद्यात एक फार शहाणपणाची गोष्ट होती: कर्जदार शेतकऱ्याला पैसे भरल्याची लेखी पावती मिळावी, खात्याचा उतारा मिळावा, पासबुक मिळावे. हक्क कागदावर आला. पण उतारा मिळाला तरी तो वाचणार कोण? तो प्रश्न तिथेच राहिला.

त्याचे उत्तर आपल्याच माणदेशात बायकांनी देऊन दाखवले आहे. म्हसवडला चेतना सिन्हा आणि त्यांच्याबरोबरच्या बायकांनी स्वतःची सहकारी बँक काढायचे ठरवले. रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज फेटाळला. प्रवर्तकांतल्या काही जणींना लिहिता-वाचता येत नाही, त्यांचे अंगठे आहेत, हे कारण होते. बायका रडत बसल्या नाहीत. दिवसभर राबून संध्याकाळी अक्षरे गिरवायला बसल्या. काही महिन्यांनी त्या पुन्हा साहेबांपुढे गेल्या आणि त्यांनी साहेबांना सांगितले, की कोणत्याही रकमेचे व्याज आम्हाला विचारा, आम्ही तोंडी सांगतो; तुमच्या माणसांनाही यंत्राशिवाय सांगायला लावा. परवाना मिळाला आणि १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. ज्या बाईने आयुष्यभर शेळीचा, दुधाचा, मजुरीचा हिशेब डोक्यात ठेवला, तिला हिशेब नवा नव्हता. नवे होते ते कागदावरचे रूप. मोठ्या वयात शिकणाऱ्याने ही गोष्ट गाठीला बांधावी.

आता आमच्या अभ्यासाचे सांगतो. परीक्षा सहसा मे महिन्यात असते. शाळू निघालेला असतो आणि पेरणीला अवकाश असतो, म्हणजे कोरडवाहू शेतकऱ्याला त्यातल्या त्यात सोयीचा महिना. पदवीधराला बसता येते. पात्रतेच्या बाकीच्या वाटा त्या-त्या वर्षीच्या अधिसूचनेत नीट वाचून घ्याव्यात. हिशेबशास्त्र, लेखापरीक्षण, सहकाराचा इतिहास आणि तत्त्वे, सहकारी कायदे, बँकिंग असे विषय येतात. कॉलेजात नाव घालावे लागत नाही, घरी अभ्यास करून बसता येते.

कायदा पाठ करता आला. अडलो हिशेबात. पहिली अडचण अशी, की जिल्ह्याच्या गावाहून आणलेल्या पुस्तकात खात्याची डावी बाजू नावे आणि उजवी बाजू जमा. आपल्या देशी पद्धतीत आणि सोसायटीच्या कीर्दीत डावीकडे जमा आणि उजवीकडे नावे. दोन महिने आम्ही आरशात बघून दाढी करावी तसे आकडे लिहीत होतो. मग एका निवृत्त गटसचिवांनी सांगितले, 'बाजू विसरा. पैसा आला कुठून आणि गेला कुठे, एवढे दोनच प्रश्न विचारा.' त्या दिवसापासून गाडी रुळावर आली.

दुसरी गोष्ट. पुस्तकातला व्यापारी कापड विकत होता, आमचा जीव त्यात रमेना. म्हणून आम्ही स्वतःच्या शेताचे खाते मांडले. बैलजोडी मालमत्तेत धरली आणि तिचा घसारा काढला. घरच्या कणगीतले बी पेरले, ते खर्चात धरले. घरच्या माणसांची मजुरी लिहिली, तेव्हा पहिल्यांदा कळले, की ज्या ज्वारीत 'चार पैसे राहिले' म्हणत होतो, त्या ज्वारीने बायकोची आणि आईची मजुरी गिळली होती. उत्पादन खर्चावर भाव मागणाऱ्या चळवळीने आधी आपल्या घरचा उत्पादन खर्च लिहायला नको का?

पहिल्या खेपेला चौघांतले दोघेच पास झाले. आम्ही त्या दोघांत नव्हतो. मुलगी दहावीला आणि बाप नापास, असा तो उन्हाळा गेला. पुढच्या वर्षी पुन्हा बसलो आणि सुटलो. पण खरा निकाल परीक्षेच्या कागदावर लागला नाही, तो सोसायटीच्या कीर्दीत लागला. तेवढा नीट ऐका.

आपल्याकडे मार्चअखेर 'नवे-जुने' होते, हे तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. कागदावर सह्या करायच्या, जुने कर्ज फिटले, नवे मिळाले. आपण म्हणतो, बरे झाले, थकबाकीतून सुटलो. आता कीर्दीत काय होते ते पाहा. समजा मुद्दल ४०,००० आणि व्याज शेकडा ७. वर्षाचे व्याज झाले २,८००. त्या दिवशी जमेला ४०,००० मुद्दल आणि २,८०० व्याज. नावे बाजूला तुमच्या नावाचे नवे कर्ज ४२,८००. दोन्ही बाजू जुळल्या, एक नोटही इकडची तिकडे झाली नाही. सोसायटीच्या नफा-तोटा पत्रकात २,८०० रुपये उत्पन्न दिसले. पुढच्या वर्षी तुम्हाला व्याज लागले ४२,८०० वर. असे पाच वर्षे चालले तर मूळ ४०,००० चे ५६,१०२ होतात. घरात नवा रुपया आलेला नाही. सावकाराच्या वहीतले चक्रवाढ व्याज आणखी वेगळे काय होते?

तोटा एवढ्यावर थांबत नाही. २०१७ च्या कर्जमाफीत ३० जून २०१६ ची थकबाकी पाहिली गेली, २०१९ च्या कर्जमाफीत ३० सप्टेंबर २०१९ ची. ज्याचे खाते नवे-जुने होऊन कागदावर नियमित झाले होते, तो त्या तारखेला थकबाकीदार ठरलाच नाही. कर्ज तेवढेच, पाऊस तसाच, पण यादीत नाव नाही. एका गावात असे का झाले म्हणून आम्ही कीर्द मागितली. मार्चअखेरच्या एकाच दिवशी पानेच्या पाने अशा जोडीच्या नोंदी निघाल्या आणि रोख शिल्लक सकाळी होती तेवढीच संध्याकाळी. ज्यांच्या नावे नोंदी होत्या ते सभासद आमच्या शेजारी उभे राहून स्वतःचीच सही पाहत होते. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्याने विचारले, 'हे तेव्हाच का नाही सांगितलं?' भावांनो, सांगणार कसे? तेव्हा आम्हालाही वाचता येत नव्हते.

नवे-जुने कधीच करू नका, असे आम्ही म्हणत नाही. कधी इलाज नसतो. पण सही करण्याआधी त्या नोंदीने पुढच्या वर्षी काय होणार, हे समजले पाहिजे.

कायदा आपल्या बाजूला आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ३२ प्रमाणे सभासदाला कचेरीच्या वेळात ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, सभासद नोंदवही, सभांची इतिवृत्ते आणि स्वतःच्या व्यवहाराच्या नोंदी फुकट पाहता येतात. फी भरून नकलाही मिळतात. २०२२ साली केंद्राने गावोगावच्या सोसायट्या संगणकावर आणण्याची योजना मंजूर केली. उत्तम झाले. पण यंत्रातून निघालेला कागदही वाचावाच लागतो. यंत्र बेरीज चुकणार नाही. नोंद खोटी असेल तर ती बेरीज बरोबर करून देईल.

कापसाच्या पट्ट्यातून आलेल्या भावांना हे वेगळे सांगायला नको. एकाधिकार खरेदीच्या वर्षांत पावतीवर कपाती होत होत्या, त्यातली कोणती रक्कम आपली ठेव आणि कोणती खर्च, हे किती जणांना ठाऊक होते?

तेव्हा या बैठकीने तीन गोष्टी ठरवाव्यात. पहिली, प्रत्येक गावातून दोन माणसे हिशेब शिकायला निघावीत, त्यात एक बाई असावी. पदवी असेल त्याने परीक्षेला बसावे, नसेल त्याने परीक्षेविना शिकावे. वहीला प्रमाणपत्र दिसत नाही, डोळे दिसतात. दुसरी, आठवड्यातून दोन रात्री एकत्र बसावे. एकटा माणूस तेरीज जुळली नाही की पुस्तक मिटतो, चौघे असले की चूक सापडते. तिसरी, सप्टेंबरअखेरपर्यंत सोसायट्यांच्या वार्षिक सभा होतात. या वर्षी अहवाल सभेआधी मिळवावा, वाचावा आणि निदान एक प्रश्न लेखी विचारावा.

सुप्याच्या शेतकऱ्यांपाशी धैर्य होते, अक्षर नव्हते. आपल्यापाशी अक्षर आहे. शिकायला वय आडवे येत नाही, हे म्हसवडच्या बायकांनी दाखवले आणि एकदा नापास झाल्याने काही बिघडत नाही, हे आम्ही दाखवले. ज्यांना नावे द्यायची आहेत त्यांनी जेवणाच्या सुट्टीत द्यावीत. वही-पेन आम्ही आणले आहे.