गाडीचं ओझं आणि टायरचा आकडा
(वार्षिक मेळाव्यात केलेलं भाषण)



सेवाकार्याचा अहवाल तुम्ही ऐकलात. मला मात्र आपल्या जुन्या व्हॅनच्या टायरांबद्दल बोलायचं आहे, कारण त्यात चूक माझी होती.

गेल्या उन्हाळ्यात आरोग्य शिबिर आटोपून आम्ही धडगावहून तळोद्याकडे येत होतो. गाडीत दोन गरोदर माता, चार मुलं, परिचारिका आणि औषधांच्या पेट्या होत्या. चांदसैली घाट उतरून सपाटीला लागलो आणि मागचा डावा टायर फुटला. कुणाला इजा झाली नाही, देवाची कृपा. पण हेच घाटातल्या वळणावर झालं असतं तर? त्या रात्री मला झोप लागली नाही.

ते टायर जेमतेम आठ महिन्यांचे होते. स्वस्त मिळाले, रिंगवर बसले, म्हणून मीच घेतले होते. ते साध्या मोटारीचे होते. टायरच्या बाजूवर मापाच्या पुढे भाराचा आकडा असतो. आमच्या टायरवर ९५ होता. म्हणजे एक टायर जास्तीत जास्त ६९० किलो पेलतो. चार टायरांचे झाले २,७६० किलो. वजनकाट्यावर भरलेली गाडी २,७०० किलो भरली. वरवर पाहता हिशेब जुळतो.

पण ओझं चारही चाकांवर सारखं नसतं. नुसती मागची चाकं काट्यावर घेतली, तर १,५६० किलो भरले. म्हणजे एका टायरवर ७८०. टायरच्या ताकदीपेक्षा नव्वद किलो जास्त! त्यात हवा कमी असली की टायर जास्त दबतो, आतून तापतो आणि एक दिवस फुटतो. आपल्याकडचं मे महिन्यातलं ऊन तुम्हाला माहीतच आहे.

आता आपण मालवाहू गाडीच्या जातीचे टायर बसवले आहेत. त्यांच्यावर १०६/१०४ असं लिहिलं आहे. मागे एकेक चाक असेल तर पहिला आकडा धरायचा. १०६ म्हणजे ९५० किलो. दुसरा आकडा जोडचाकांसाठी असतो. अर्थात ही ताकद पुरेशी हवा असेल तरच मिळते, म्हणून दर सोमवारी सकाळी टायर थंड असताना हवा तपासतो. स्टेपनीचीही.

आणखी दोन गोष्टी. टायरवरच्या चार आकड्यांत तो कधी बनला ते कळतं: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी जुनं रबर कडक होतं. आणि टायर दणकट घेतला म्हणून गाडीत जास्त माणसं कोंबायची नाहीत. आरसी बुकात लिहिलेलं भरलेलं वजन हीच मर्यादा.

आपल्या गावांतही पाड्यावरून बाजाराला जाणाऱ्या जीपा असतात. तुमची स्वतःची गाडी असेल, तर आज घरी गेल्यावर एवढा आकडा वाचा.

देणगी देताना शिबिर, औषधं, वह्या डोळ्यांसमोर येतात. टायर कुणाच्या मनात येत नाही. पण औषध पाड्यापर्यंत पोहोचतं आणि आई सुखरूप परत येते, ती त्याच चार टायरांवर. यंदाच्या वर्गणीतून तो खर्च भागला. आमच्या प्रवासासाठी प्रार्थना करत राहा.