लगाम मालाला हवा, जिभेला नव्हे



इंटरनेटवर कायद्याचा लगाम असावा की नसावा, हा शहरातल्या शिकलेल्यांचा वाद आहे असे समजून आपण गप्प बसतो. पण आता बियाणे, फवारणीचे औषध आणि बाजारभाव सगळेच मोबाईलवर येते. वाद आपल्या बांधावर येऊन उभा आहे.

मोबाईलवरून मागवलेले सरकीचे बियाणे उगवले नाही, तर तेथे कायदा कडकच हवा. बियाणे विकत घेणारा शेतकरी हा ग्राहक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली राष्ट्रीय बीज निगमाच्या खटल्यात सांगितले. तपासणीसाठी शेतकरी बियाणे बाजूला काढून ठेवील, ही अपेक्षाही न्यायालयाने मानली नाही. सगळे बी पेरणाऱ्याने नमुना आणायचा कोठून? २०१९ च्या कायद्याने आपल्याच जिल्ह्यात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. ऑनलाईन दुकानाने ४८ तासांत तक्रारीची पोच आणि महिन्यात निकाल द्यावा, असा २०२० चा नियम आहे. असा लगाम आम्हाला मान्य आहे.

बोलण्याचे मात्र वेगळे आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरला एका मुलीने मुंबई बंदवर फेसबुकवर दोन ओळी लिहिल्या, दुसरीने त्या पसंत केल्या. दोघींना अटक! लावलेल्या कलमांत ६६ अ होते. दुसऱ्याला त्रास होईल असे लिहिले की तीन वर्षांपर्यंत कैद. भाव पडल्यावर आपण मंत्र्याला जे सुनावतो, त्याने त्याला त्रासच होतो की! मार्च २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द केले.

तरी खोड गेली नाही. सरकारच्या कारभाराबद्दल काय खोटे, हे सरकारच्याच कक्षाने ठरवायचे, असा नियम २०२३ साली आला. हमीभावात खर्च भरून निघतो असे सरकार म्हणणार, नाही म्हणणारा खोटा! वादीच न्यायाधीश. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये तो नियम रद्द ठरवला.

अफवांनी माणसे मरतात, हे आम्ही नाकारत नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला पोरे पळवणारे समजून जमावाने पाच भटक्यांना ठार मारले. पण खुनाला आणि चिथावणीला शिक्षा देणारे कायदे तेव्हाही होतेच. त्यासाठी सगळ्या गावाचे तोंड बांधायचे कारण नाही.

तेव्हा यंदा पिशवी, लेबल आणि पावती जपा. उगवण फसली तर कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार देऊन पंचनामा मागा. आणि रिकाम्या तासांचा फोटो गावच्या ग्रुपवर जरूर टाका. खाली डोळ्यांनी पाहिले तेवढेच लिहा.