विधेयकापासून कायद्यापर्यंत : रोजगार हमीची वाटचाल

(अहिल्यानगर जिल्ह्यातील ग्रामपंचायत सदस्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग.)



काही दिवसांपूर्वी पाथर्डी तालुक्यातील एका गावी शासकीय योजनांची माहिती देण्यासाठी गेलो होतो. सभा संपल्यावर एक वयोवृद्ध माता पुढे आल्या. १९७२ च्या दुष्काळात, ऐन पोरवयात, त्यांनी खडी फोडली होती. कामावर मिळणारी सुकडी खाल्ली होती. त्यांनी विचारले, "साहेब, बाहत्तर साली कायदा नव्हता, तरी सरकारनं काम दिलंच की. मग पुढं कायदा कशापायी केला?"

प्रश्न साधा, पण लोकशाहीच्या मुळाशी जाणारा आहे. त्याचे उत्तर शोधताना विधेयकाचा कायदा कसा होतो, हेही आपोआप उलगडते.

१९७२-७३ मधील दुष्काळी कामे शासनाच्या निर्णयाने निघाली होती. जे निर्णयाने सुरू होते ते निर्णयाने थांबूही शकते. गरजूंना मागेल तेव्हा काम मिळावे, ही कल्पना मात्र त्याआधीची. विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांनी ती मांडली आणि सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात तिचा प्रयोगही झाला. वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना, १९७२ साली, राज्याने ती योजना म्हणून स्वीकारली. परंतु योजना म्हणजे शासनाने दिलेला शब्द. त्या शब्दाला बंधन यावे, तर विधिमंडळाकडेच जावे लागते.

विधेयक सभागृहात येण्यापूर्वीच त्याचे बरेच काम झालेले असते. संबंधित विभाग प्रस्ताव तयार करतो, विधी व न्याय विभाग त्याला कायद्याची भाषा देतो आणि मंत्रिमंडळ मान्यता देते. विधेयकासोबत उद्देश व कारणे यांचे निवेदन असते. खर्च येणार असल्यास वित्तीय ज्ञापनही जोडावे लागते. हमी द्यायची तर पैसा कोठून आणणार, याचा विचार महाराष्ट्राने आधीच केला होता. १९७५ साली व्यवसाय कराचा कायदा झाला आणि शहरांतील नोकरदार व व्यावसायिक यांच्याकडून येणारा पैसा ग्रामीण मजुराच्या कामाकडे वळविण्याची सोय झाली.

सभागृहात विधेयकाची तीन वाचने होतात. पहिल्या वाचनात ते मांडले जाते. दुसऱ्या वाचनात आधी तत्त्वावर चर्चा होते. गरज भासल्यास ते प्रवर किंवा संयुक्त समितीकडे जाते. मग एकेका खंडावर विचार होऊन सदस्यांच्या सुधारणा मताला टाकल्या जातात. तिसऱ्या वाचनात संपूर्ण विधेयक संमत करावयाचे की नाही, एवढाच प्रश्न उरतो. त्यानंतर दुसऱ्या सभागृहातही हाच क्रम चालतो. संसदेतही पद्धत साधारण अशीच आहे. फरक एवढाच, की लोकसभा व राज्यसभा यांच्यात मतभेद झाल्यास संयुक्त बैठक घेता येते. राज्यात ती तरतूद नसून अखेरीस विधानसभेचे मत प्रभावी ठरते.

समितीचा टप्पा अनेकांना वेळकाढूपणा वाटतो. तो तसा नाही. केंद्राचे ग्रामीण रोजगार हमी विधेयक डिसेंबर २००४ मध्ये लोकसभेत मांडले गेले, तेव्हा हमी केवळ गरीब कुटुंबांपुरती होती. संसदीय समितीची छाननी व सार्वजनिक चर्चा यांनंतर, ऑगस्ट २००५ मध्ये संमत झालेल्या रूपात, ती ग्रामीण भागातील सर्व कुटुंबांना मिळाली. दोन-चार शब्द बदलल्याने असंख्य घरे कायद्याच्या छायेत आली. २००६ साली ज्या २०० जिल्ह्यांत हा कायदा प्रथम लागू झाला, त्यांत आपला जिल्हाही होता.

आता महाराष्ट्राच्या कायद्याकडे पुन्हा वळू. त्याच्याशी तीन वर्षे निगडित आहेत. दोन्ही सभागृहांनी तो संमत केला १९७७ मध्ये, म्हणून नावात १९७७. रोजगार व श्रमिककल्याण हे विषय समवर्ती सूचीत येतात. हे विधेयक राष्ट्रपतींकडे गेले आणि त्यांची संमती मिळाली १९७८ मध्ये, म्हणून तो १९७८ चा अधिनियम क्रमांक २०. आणि प्रत्यक्ष अंमल सुरू झाला २६ जानेवारी १९७९ रोजी. सभागृहात बाके वाजली म्हणजे कायदा लागू झाला असे नव्हे. संमती, राजपत्रातील प्रसिद्धी आणि अंमलाचा दिनांक या पायऱ्या पुढे असतातच.

या काळात मुख्यमंत्रिपदही बदलले. विधेयक संमत झाले तेव्हा वसंतदादा पाटील मुख्यमंत्री होते. अंमल सुरू झाला तेव्हा शरद पवार. माणसे बदलली, कायदा राहिला. त्या मातेच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथे आहे.

उरलेले अर्धे उत्तर कायद्याच्या तरतुदींत आहे. अंगमेहनतीचे अकुशल काम करण्यास तयार असलेल्या ग्रामीण भागातील प्रौढ व्यक्तीने नाव नोंदवून काम मागावे. पंधरा दिवसांत काम मिळावे. न मिळाल्यास बेकारी भत्ता द्यावा, असे त्यात लिहिले गेले. मूळ कायद्यात हा भत्ता दिवसाला किमान एक रुपया होता. रक्कम लहान, पण अर्थ मोठा होता. काम देणे न जमल्यास त्याची भरपाई शासनाने करावी, हे शासनानेच मान्य केले होते.

कायदा अजरामर नसतो, हेही लक्षात ठेवावे. डिसेंबर २००५ नव्हे, तर त्यानंतर वीस वर्षांनी, डिसेंबर २०२५ मध्ये, संसदेने केंद्राच्या २००५ च्या कायद्याच्या जागी १२५ दिवसांच्या हमीचा नवा कायदा संमत केला. पण त्यासाठीही विधेयक उघडपणे सभागृहांपुढे आणावे लागले, मताला टाकावे लागले. योजना परिपत्रकाने बदलता येते. कायदा कायद्यानेच बदलावा लागतो.

मी त्या मातेला एवढेच म्हणालो, "आई, बाहत्तर साली तुम्हांला काम दिलं गेलं. कायद्यानंतर तुम्ही ते मागू शकलात."

त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "मागायचं असतं, हे सांगायला मात्र कुणी आलं नाही."

ग्रामपंचायत सदस्य म्हणून आपले काम येथून सुरू होते. विधिमंडळाने संमत केलेला शब्द गावातील शेवटच्या घरापर्यंत पोचविणे, कामाची मागणी लेखी घेणे आणि तिची दिनांकित पोच देणे, ही कायद्याची शेवटची पायरी आपल्या हाती आहे. ती आपण चुकवू नये, एवढीच विनंती.