तारेपासून तंतूपर्यंत : कापसाचा भाव आणि आपण

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात यवतमाळ येथे दिलेले व्याख्यान)



चिटणीसांनी मला विषय दिला तो 'इंटरनेट आणि समाज' असा. विषय समुद्राएवढा आणि वेळ घागरीएवढा. म्हणून आपल्या जिल्ह्यास लागू पडेल तेवढाच भाग मी घेणार आहे. आणि आपल्या जिल्ह्यात कोणतीही गोष्ट तोलावयाची झाली म्हणजे ती अखेर कापसाच्या काट्यावरच येते. आपल्या समाजात कास्तकार आहेत, अडतीची दुकाने चालविणारेही आहेत. काट्याच्या दोन्ही बाजूंची मंडळी आज एकाच मंडपात बसली आहेत, हे ध्यानात ठेवूनच मी बोलणार आहे.

दूरदेशीचा भाव त्वरित कळणे ही आपल्या मुलखास सर्वस्वी नवी गोष्ट नव्हे. १८६१ ते १८६५ ह्या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे मोल आले. युद्ध संपले, तसा भावही उतरला. त्यानंतर १८७० मध्ये समुद्राच्या तळावरून टाकलेली तार मुंबईच्या किनाऱ्यास लागली. तत्पूर्वी जमिनीवरून इंग्लंडास जाणारी तार होती, पण तिचा भरवसा नसे. आणि पत्र बोटीने यावयाचे म्हणजे आठवडे लागत. समुद्रतारेने हे अंतर पुसून टाकले. लिव्हरपूलचा भाव मुंबईस कळू लागला व मुंबईचा वऱ्हाडच्या बाजारपेठांस. पुढे किलिक निक्सन कंपनीच्या व्यवस्थेखाली मूर्तिजापूर-यवतमाळ ही अरुंद रुळांची गाडी सुरू झाली, तीही मुख्यतः ह्याच कापसासाठी. आपण तिला प्रेमाने 'शकुंतला' म्हणत होतो. आज ती बंद आहे, हे सांगताना वाईट वाटते. परंतु तो स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे.

मुद्दा असा की, ती तार उतरत असे पेढीवर. बंडी जुंपून बाजारात आलेल्या कास्तकाराच्या दारात ती कधी उतरली नाही. ज्याच्या हाती तार, त्याच्या हाती भाव, अशी ती व्यवस्था होती. त्यात सारेच अडते लबाड होते असे मी म्हणत नाही. पुष्कळांनी कास्तकाराच्या अडीअडचणीला रात्री-अपरात्री पैसा दिला आहे. पण ज्ञान एका बाजूस होते व माल दुसऱ्या बाजूस, हे नाकारता येणार नाही.

आता आजची स्थिती पाहा. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने आपल्या देशात इंटरनेट सर्वसामान्यांस खुले केले, ते प्रथम मोजक्या महानगरांतच. जुलै २०१३ मध्ये तारखात्याची तार कायमची बंद झाली. २०१६ नंतर मोबाइलवरील इंटरनेट एकाएकी स्वस्त झाले आणि झरी-जामणीपासून उमरखेडपर्यंत धुऱ्यावर बसलेल्या माणसाच्या हाती ते आले. गंमत अशी की, परदेशाचे बहुतेक संदेश अजूनही समुद्राच्या तळावरूनच येतात. तांब्याच्या तारेऐवजी आता केसासारखे काचतंतू आहेत, इतकेच. आणि त्यांचा एक मोठा उतारा आजही मुंबईच्याच किनाऱ्यावर आहे. मार्ग फारसा बदलला नाही. बदलले आहे ते उतरण्याचे ठिकाण. जी वार्ता पेढीवर उतरत होती, ती आता शेतात उतरते.

मग कास्तकाराचे दैन्य फिटले काय? नाही. का फिटले नाही, हाच माझ्या आजच्या बोलण्याचा गाभा आहे.

एक कारण असे की, भाव दिसणे वेगळे व वाचता येणे वेगळे. न्यूयॉर्कचा वायदा सेंट आणि पौंडांत बोलतो, मुंबईचा रुईचा व्यापारी ३५६ किलोंच्या खंडीत बोलतो आणि आपण क्विंटलभर कापसात बोलतो. तीन बाजार, तीन भाषा. खंडीस चोपन्न हजार हा आकडा फोनवर पाहून आपला तरुण हरखतो किंवा चिडतो. हिशेब मात्र करीत नाही. तो करू या. समजा, रुईची खंडी ५४,००० रुपये आहे. म्हणजे किलोस सुमारे १५२ रुपये. क्विंटल कापसातून चौतीस किलो रुई निघाली, तर तिचे झाले सुमारे ५,१६० रुपये. उरली चौसष्ट किलो सरकी. दोन किलो घट धरली आहे. सरकी ३५ रुपये किलो धरल्यास तिचे झाले २,२४०. एकूण ७,४०० रुपये. त्यातून जिनिंग-प्रेसिंगचा खर्च, वाहतूक आणि व्यापाऱ्याचा नफा वजा करा. हे आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. परंतु रीत खरी आहे. ज्यास ही रीत येते तो अडत्यापुढे भांडत नाही, बोलतो. आणि सरकीचा भाव न पाहता केवळ रुईचा भाव पाहणाऱ्याची गत अर्धे पत्र वाचणाऱ्यासारखी होते.

दुसरे कारण अधिक कठोर आहे. १९ ऑगस्ट २०२५ रोजी केंद्र शासनाने कापसावरील अकरा टक्के आयात शुल्क उठविले. ही सवलत पुढे त्या वर्षाच्या डिसेंबरअखेरपर्यंत वाढविण्यात आली. ही वार्ता त्याच दिवशी आपल्या जिल्ह्यातील घरोघरी पोचली. १८७० च्या तारेलाही एवढे जमले नसते. पण त्या वेळी पऱ्हाटी शेतात उभी होती, बियाण्याचे व खताचे पैसे खर्च होऊन गेले होते. वार्ता विजेच्या वेगाने आली तरी पीक आपल्याच गतीने वाढते. कापूस घरात ठेवून चार महिने थांबण्याची ज्याची ऐपत आहे, त्यास अशा वार्तेचा उपयोग. ज्यास दिवाळीपूर्वी देणे फेडावयाचे आहे, त्यास तिचा केवळ ताप.

तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये ठरला. भारतीय कापूस महामंडळास ह्या भावाने माल देण्यासाठी 'कपास किसान' ह्या मोबाइलवरील ॲपमध्ये नोंदणी आवश्यक झाली. आधार पाहिजे, जमिनीचा उतारा पाहिजे, पेऱ्याची नोंद पाहिजे, आणि माल नेण्याची तारीखही तेथेच घ्यावयाची. ओलावा आठ टक्क्यांपर्यंत असेल तर पुरा भाव, त्यावर प्रत्येक टक्क्यास कपात, बारा टक्क्यांवर माल परत. नियम म्हणून ह्यात मला वावगे दिसत नाही. व्यापाऱ्याचा माल कास्तकाराच्या नावावर घुसविण्यास ह्यामुळे आळा बसतो. परंतु आपल्या जिल्ह्यात किती घरे अशी आहेत की कर्ता पुरुष गेला, शेती त्याची पत्नी करते, आणि सातबाऱ्यावर नाव अजून गेलेल्याचेच आहे! पूर्वी ती बाई माल घेऊन बाजारात गेली असता निदान कोणी तिला ओळखत होते. यंत्र चेहरा ओळखत नाही, नोंद ओळखते. २०२५ मध्ये शासनाने 'जिवंत सातबारा' ही मोहीम काढून मृत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावण्यास आरंभ केला. तिचा लाभ आपल्या किती भगिनींनी घेतला, ह्याची यादी आपल्या मंडळाकडे आहे काय?

नोंदीचे हे महत्त्व उलट बाजूनेही पाहण्यासारखे आहे. २०२५ च्या अखेरीस आर्णी तालुक्यातील शेंदुरसनी ह्या दीड हजारांच्या आसपास वस्तीच्या गावी असे उघडकीस आले की, ग्रामपंचायतीच्या नावाने अवघ्या तीन महिन्यांत सत्तावीस हजारांहून अधिक जन्मांची नोंद झाली होती. गावात पाळणे हलले नाहीत, नोंदी मात्र होत राहिल्या. तंतूने गाव जगास जोडले जाते, तसे जगही गावास जोडले जाते. कुलूप कोणाच्या हाती आहे हे गावाने पाहिले नाही तर काय होते, त्याचा हा आपल्याच जिल्ह्यातील दाखला आहे.

अफवांविषयी मी फार बोलत नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात राईनपाडा येथे मुले पळविणाऱ्यांच्या अफवेवरून जमावाने भिक्षेकरी भटक्या जमातीच्या पाच निरपराध माणसांना ठार मारले. ते वर्तमान ऐकूनही जो मनुष्य आलेला मजकूर न वाचता पुढे धाडतो, त्यास व्याख्यानाने काय सांगणार?

आता घरचीच एक गोष्ट. आपले मंडळ वधूवर सूची छापत आले आहे. पूर्वी ती पुस्तिका घरच्या कपाटात राही. आता तिची पाने कोणीतरी फोनवर टिपून गटागटांत धाडतो आणि आपल्या मुलींची छायाचित्रे, जन्मतारखा, शिक्षण, दूरध्वनी क्रमांक कोठकोठे फिरतात ह्याचा पत्ता राहत नाही. स्थळे दूरवरून येऊ लागली, मुलामुलींना परस्परांशी आधी बोलता येऊ लागले, हे चांगलेच झाले. मी त्याचे स्वागत करतो. परंतु मुलीचा क्रमांक सूचीत छापण्याचे कारण नाही. नाव, शिक्षण व गाव छापावे. संपर्क मंडळाच्या कचेरीमार्फत व्हावा. काही वडीलधाऱ्यांस ही अडचण वाटेल. मला ती आवश्यक वाटते.

शेवटी एक सूचना ठेवतो व तिचा निर्णय ह्याच मेळाव्यात व्हावा अशी विनंती करतो. सभागृहाच्या दर्शनी भागास संगमरवर बसविण्याचा विचार चालू आहे, असे ऐकतो. तो एक वर्ष थांबवावा. त्याऐवजी वसतिगृहातील रस्त्याकडेची खोली मोकळी करून तेथे दोन संगणक ठेवावेत. सप्टेंबरपासून हंगाम संपेपर्यंत रोज सायंकाळी वसतिगृहातील दोन विद्यार्थ्यांनी तेथे बसावे व त्यांना मंडळाने मानधन द्यावे. येणाऱ्याची नोंदणी करून द्यावी, वारसनोंदीचा अर्ज भरून द्यावा, रुई-सरकीचा हिशेब फळ्यावर रोज लिहावा. आपले अडते बंधू ह्या कामी हिशेब शिकविण्यास पुढे आले, तर ते मोठे काम होईल. कारण ती विद्या त्यांच्याइतकी कोणाजवळ नाही. आणि येणारा मनुष्य आपल्या ज्ञातीचा आहे की नाही, हे दारावर विचारू नये. पहिल्या वर्षी यवतमाळ, जमल्यास पुढील वर्षी वणी, पांढरकवडा व पुसद.

सूचना लेखी करून मी चिटणीसांकडे दिली आहे. अनुमोदक मिळाल्यास आजच मतास टाकावी, इतके सांगून मी आपली रजा घेतो.