शाळेच्या अंगणात तारपा



बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीमुळे इथल्या प्राथमिक शाळांत वारली, मांगेली, वाडवळी बोलणाऱ्या मुलांशेजारी उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेल्या कुटुंबांची मुलंही बसतात.

मुलाच्या घरापासून शिक्षण सुरू करण्याची वाट या भागात जुनी आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं. पुढे कोसबाडला गुरं राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा भरवली.

वारली मुलांच्या घरचं असंच एक वाद्य म्हणजे तारपा; वाळलेला भोपळा, बांबू आणि ताडाचं पान यांतून तो घडतो. तो वाजू लागला, की वारली मंडळी वादकाभोवती फेर धरतात.

शिक्षकहो, ९ ऑगस्टच्या जागतिक आदिवासी दिनी या फेरात सगळ्याच मुलांना घ्या. एरवीही प्रत्येकाला घरची गोष्ट आपल्या बोलीत सांगू द्या. बोलीला मान मिळाला, की मूल शाळेत रमतं.