आपल्या पाड्याचा इतिहास आपणच लिहायचा
(नामपूर येथील मेळाव्यात केलेले भाषण)



नामपूर हे आपलं बाजाराचं गाव. मोसम नदीच्या काठानं वर गेलं की मुल्हेर, साल्हेर लागतं. मुल्हेरला बागुल राजे होते, 1638 साली मोगलांनी बागलाण घेतलं, 1672 ला साल्हेरची लढाई झाली. हे सगळं पुस्तकात आहे. पण त्याच डोंगराखाली नागली कोण पिकवत होतं, पाड्यावरची पहिली विहीर कुणी खोदली, ते कुठल्याच धड्यात नाही. म्हणूनच आज आपल्याला अतिक्रमणवाले म्हणतात.

शेजारच्या कळवण तालुक्यात चणकापूर आहे. 1930 साली तिथं जंगल सत्याग्रह झाला. आपले आदिवासी इंग्रजांच्या जंगल कायद्याविरुद्ध उभे राहिले आणि पोलिसांनी गोळीबार केला. त्याच वर्षी 25 सप्टेंबरला कोकणात चिरनेरलाही गोळ्या झाडल्या. आता मला सांगा, गोळ्या घालायला माणसं होती, मग जमीन नावावर करायच्या वेळी ती नव्हती असं कसं?

2006 चा वनहक्क कायदा म्हणतो, 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून जमीन आदिवासीच्या ताब्यात पाहिजे. पुरावा म्हणून नुसता दंडाची पावतीच लागते असं नाही. जुनं गॅझेटियर, जनगणना, नकाशे चालतात. घर, बांध, विहीर, मसणवटा, देवाची जागा चालते. मार्गशीर्षात आपण डोंगऱ्यादेवाला ज्या गडावर जातो, तो गडसुद्धा पुरावाच आहे. वंशावळ चालते. जाणत्या माणसाचा लेखी जबाब चालतो. मात्र एकावर भागत नाही, दोन तरी पुरावे जोडा. आणि जबाब देणारा जाणता स्वतः दावेदार नसावा, हे ध्यानात ठेवा.

जाणती माणसं कायमची राहत नाहीत. एक म्हातारा गेला की त्याच्याबरोबर पाड्याचं दप्तर जातं. म्हणून प्रत्येक पाड्यानं एक वही करा. शिकलेल्या पोरापोरींनी संध्याकाळी म्हाताऱ्यांजवळ बसायचं. साल विचारू नका, साल कुणाला आठवत नाही. असं विचारा : बहात्तरच्या दुष्काळात हा बांध होता का? तुमचं लग्न झालं तेव्हा या वावरात काय पेरलं होतं? आजाला कुठं पुरलं? म्हाताऱ्या बायांना आधी विचारा, पाणवठा आणि रानभाजीच्या जागा त्यांनाच माहीत. सांगतील तसंच, आपल्या बोलीत लिहा. वाढवून लिहू नका, एक खोटं सापडलं तर नव्व्याण्णव खरी वाया जातात. मग ग्रामसभेत वाचून दाखवा, चुकलं ते दुरुस्त करा, सह्या-अंगठे घ्या आणि वनहक्क समितीकडे द्या. एक प्रत पाड्यावर ठेवा.

राजांचा इतिहास लिहायला भाट होते. आपला आपल्यालाच लिहावा लागेल. पुढच्या बैठकीला येताना भाकरीबरोबर वही आणा.

जल, जंगल, जमीन आमच्या हक्काची! जोहार!